जहाज नितीनच्या नावावर

३ जानेवारी
सकाळी नवऱ्याचा, मिलिंदचा डबा भरताना नितीनचा मेसेज. एक व्हिडिओ, खाली एक ओळ : "ताई, हे बघ. दोघांचं जहाज हाय."
चौदा महिन्यांत भावाने स्वतःहून लिहिलेली पहिली ओळ. मधले सगळे मेसेज आईच्या गोळ्यांचे, आईच्या चष्म्याचे. बाबांच्या तेराव्याला, जेवणं आटोपायच्या आत, त्याने हक्कसोडीचा कागद पुढे केला होता. घिवलीच्या वाडीतला माझा हिस्सा मी सोडला, अशी सही. मी "बघू" म्हणाले होते. तेव्हापासून हे.
व्हिडिओ अंतराळाच्या गेमचा, या वर्षी येणार म्हणे. एक जहाज, दोन माणसं. एकाने जहाज चालवायचं, दुसऱ्याने ग्रहावर उतरून नकाशा काढायचा.
तीनदा पाहिला. पोळी करपली.

४ जानेवारी
उत्तर दिलं : "नकाशा मी."
लगेच त्याचं : "माहीत होतं."
दिवसभर बरं वाटत राहिलं. त्याचाच राग आला.

६ जानेवारी
मी बारा, नि. सहा वर्षांचा. बाबांनी बोईसरहून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. दोन रिमोट, त्यातला एक पहिल्याच आठवड्यात गेला. मग एकाच रिमोटवर दोघं. डावी बाजू माझ्या अंगठ्याखाली, उजवी त्याच्या. मी विमान हलवायचं, त्याने गोळ्या मारायच्या. मांडीला मांडी लावून बसावं लागे. त्याच्या डोक्याला खोबरेल तेलाचा वास.
माझ्या कथांत हे कधीच आलं नाही. लिहिणाऱ्या मैत्रिणींना तर मी अजूनही गेम खेळते हेच माहीत नाही.

११ जानेवारी
कंपनीबद्दल वाचत बसले, दुपार गेली. यांच्या आधीच्या गेममध्ये अख्खं शहर देणार होते. शहर दिलं, पण एकाही घराचं दार उघडत नव्हतं. या व्हिडिओतही खाली बारीक अक्षरात लिहिलंय, अंतिम खेळ असाच दिसेल असं नाही.
हजार ग्रह आहेत म्हणे. माझी दुसरी कादंबरी चार वर्षं अडली आहे, एका घराची. हजार ग्रहांवर काय असणार? आकडेमोडीने केलेले दगड. हजार ओसाड वाड्या.
तरी त्या निळ्या दरीत जहाज उतरतं, तिथे व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघतेच.
मिलिंद म्हणाला, "चाळिशी लावून अंतराळात जाणार तू?" मग चहा पिता पिता, सहज : "चौदा महिने गप्प, आणि आता एकदम गेम. जरा विचार कर."
उठून आत गेले. तो चुकीचं बोलला म्हणून नव्हे.

२० जानेवारी
रोज काहीतरी येतंय नि.कडून. इंधन किती लागणार, जहाजात झोपायला जागा दोन आहेत की एकच. काल लिहिलं, "जागा एक असली तं तू झोप, मी चालवतो." माझ्या कॉम्प्युटरवर गेम चालेल का, तेही त्यानेच शोधून काढलं. चालेल, चित्र थोडं कमी प्रतीचं दिसेल.
आईचा फोन. "नितीन हसतो हो हल्ली. काय बोलता तुमी दोघं?"
"गेमचं."
"असू दे. कसलं का असंना."

२४ जानेवारी
नि.च्या बायकोचं, स्नेहाचं हळदीकुंकू, म्हणून घिवलीला. वाडीवर वर्षाने गेले. स्नेहाने तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलची गाळणी. नि. मोबाइल घेऊन माझ्या शेजारी बसला, नवा व्हिडिओ दाखवत. खांद्याला खांदा लागला, काढला नाही त्याने. बायका हसत होत्या. "नितीनची बहीण आली तं बायकोकडे बघत नाय बघा."
निघताना मागच्या बाजूला गेले. चिकूंच्या बुंध्यांवर चुन्याचे पट्टे, पाडायच्या झाडांना मारतात तसे. विहिरीपर्यंत, एका रांगेत. पलीकडे जमिनीत रोवलेले छोटे सिमेंटचे खांब, मोजणीचे.
नि. पाठीमागेच उभा होता. मी काही बोलले नाही, तोही नाही. रिक्षात बसल्यावर त्याने गाळणीची पिशवी हातात दिली. "विसरत होतीस."
का नाही विचारलं? गेमचा विषय बंद पडेल म्हणून. वय वर्षं चव्वेचाळीस.

३ फेब्रुवारी
गेमच्या चाचणीसाठी दोघांनाही परवानगी आली. तीन दिवस, शनि. ते सोम. मी इकडे बोईसरहून, तो घिवलीहून. हेडफोनवर बोलता येतं.
मिलिंदला सांगितलं, शनि. दुपारी भात तूच लाव.

७ फेब्रुवारी
चार तास.
काय लिहू. सुंदर आहे, आणि रिकामं आहे, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. नि. वर जहाजात, मी खाली चालतेय, आणि कानात त्याचा आवाज.
"ताई, चाल ना. बाजारात भाजी निवडतेस का?"
"नकाशा काढतेय. तुझ्यासारख्या नुसत्या घिरट्या घालायच्या नाहीत."
"डावीकडे ते पानी हाय का?"
"बर्फ आहे."
"तू म्हनतेस म्हंजे असंल."
जागांना नावं देता येतात. एका खोल गोल खड्ड्याला मी आपल्या विहिरीचं नाव दिलं, मोठी बाव. तो हसला, मग जहाज वर नेलं.
तेवढ्यात हेडफोनमधून त्याच्या मागचा आवाज ऐकू आला. टक. टक. थांबून पुन्हा टक.
"कसला आवाज रे?"
"काय नाय. फांद्या छाटतात."
फांद्या छाटल्याचा आवाज मला माहीत आहे. मी त्याच वाडीत वाढले.
पुढे तासभर खेळलो. अकरा दऱ्या नोंदवल्या.

९ फेब्रुवारी
चाचणीचा शेवटचा दिवस. नि. कारखान्यात ड्यूटीवर. म्हटलं एकटीने जाऊन उरलेली दरी बघून यावी.
जहाजच नाही. ग्रह नाही, नकाशा नाही. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी. पाहुणा खेळाडू. जतन केलेला प्रवास नाही.
घाबरून नि.ला फोन लावला, म्हटलं माझ्या हातून पुसलं गेलं. तो म्हणाला, "पुसलं नाय गं. ते तसंच हाय. जहाज ज्याच्या खात्यावरून सुटलं त्याचं. नकाशा माझ्याकडे नीट हाय सगळा."
"काढला मी."
"हो, पन जहाज माझ्या नावावर ना. तू आलीस की दिसनारच तुला. तू काय परकी हाय?"
आवाजात खोट नव्हती. त्याला त्यात वावगं काही दिसतच नाही. हेच.

१० फेब्रुवारी
कंपनीला पत्र लिहिलं. इंग्रजीत, दीड पान. पाहुण्या खेळाडूने काढलेला नकाशा त्याच्याकडेही राहावा. जहाज नको, तो मुद्दा नाही. जिथे माणूस चालला, तिथल्या वाटेवर त्याचा काही हक्क. शेवटचं वाक्य सहा वेळा बदललं. एवढी मेहनत संपादकांच्या पत्रावर घेत नाही.

१२ फेब्रुवारी
कंपनीचं उत्तर : सूचना नोंदवली आहे, आभार. यंत्राने पाठवलेलं असावं. माझं नाव चुकवलं नाही एवढंच.

१६ फेब्रुवारी
स्नेहाचा फोन, दुपारी. खुशीत.
"ताई, पालघरच्या रजिस्ट्री ऑफिसचा नऊ मार्च मिळालाय. तुमाला साडी कोणत्या रंगाची आणू? मागं तुमी मोरपिशी म्हनालेला."
हक्कसोड केली की भावाने बहिणीला साडी घ्यायची. आत्याने घेतली होती, बाबांकडून. हिरवी. ती नेसून तिने आयुष्यभर "माझं माहेर, माझं माहेर" केलं.
म्हटलं, "मी तयार आहे असं कोण म्हणालं?"
ती गडबडली. "हे म्हनाले, ताई आता पयल्यासारखी बोलते. म्हंजे झालंच ना."
साडीचा रंग सांगितला नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, स्नेहाला उगाच तोडून बोलले. तिचा काय दोष.

१७ फेब्रुवारी
वाचक पत्रात लिहितात, तुम्ही नात्यांबद्दल किती हळुवार लिहिता. हळुवार. आज पाच पानं लिहिली आणि फाडली, सगळी नि.ला घातलेल्या शिव्या.

१८ फेब्रुवारी
नि.ला फोन. सरळ विचारलं.
"गेम त्यासाठी पाठवलास?"
तो ड्यूटीवर होता. मागे कारखान्याचा भोंगा. मग :
"पयल्या दिवशी नाय."
"मग कितव्या दिवशी?"
"हळदीकुंकवाला तू खांब बघितलेस. चुना बघितलास. काय बोलली नायस. तवा वाटलं, ताईला चालतंय."
"विचारायचं होतंस."
"तू पन विचारायचं होतंस."
मी फोन ठेवला.
खोटं बोलला असता तर सोपं होतं. "छे गं ताई, गेमचं वेगळं, कागदाचं वेगळं," असं म्हणाला असता तर मी बारा दिवस रुसले असते आणि विश्वास ठेवला असता. पयल्या दिवशी नाय. म्हणजे तीन जानेवारी खरी. चार खरी. कुठपर्यंत खरं, ते मेसेज मागे मागे नेऊन बघत बसले. अक्षरांवरून कळत नाही.

२६ फेब्रुवारी
गेम पुढे ढकलला. तारीख नाही, "योग्य वेळी". पाहुण्या खेळाडूबद्दल लोकांनी बरंच विचारलं होतं, मी एकटी नव्हते. त्याचं उत्तर : ही रचना बदलणार नाही.
नि.ने बातमीची लिंक पाठवली. खाली काही लिहिलं नाही. मीही नाही.
मिलिंद म्हणतो सही देऊ नकोस, वकील माझ्या ओळखीचा आहे. त्याला वाडी नको आहे, त्याला वाटतं माझ्यावर अन्याय झाला. मलाही वाटतं. पण वकील म्हटलं की मी विषय बदलते. मला जमीन नको. मला त्याने यायला हवं होतं, समोर बसून म्हणायला हवं होतं, ताई, देशील का. दिली असती. तिथल्या तिथे दिली असती.

५ मार्च
आई. "सही करून टाक गो. माहेर राहील तुझं."
"आणि नाही केली तर?"
आई म्हणाली, "नारळ पाठवू का? नितीन बोईसरला येतोय दुपारी."
नको म्हटलं. आले. सहा, सोललेले. नि. खाली वॉचमनकडे ठेवून गेला, वर आला नाही.

९ मार्च, पालघर
बाकावर बसून लिहितेय. आमच्यापुढे नऊ नंबर आहेत.
आले मी. सही करायला की नाही म्हणायला, हे ठरवून आले नाही. आधार कार्ड, फोटो, सगळं घेतलं मात्र. नि. बोईसरला घ्यायला आला, बाइकवर. दोघांना हेल्मेट, त्यामुळे वाटेत बोलायची गरज पडली नाही. एका वळणावर माझा हात त्याच्या खांद्यावर गेला, तो मी तिथेच ठेवला.
इथे बसल्यावर तो आपणहून बोलायला लागला. समोरच्या भिंतीकडे बघत. कारखान्यातलं कंत्राट जूनला संपतंय, पुढे घेणार नाहीत. वाडीत खोल्या बांधायच्या, सोळा, कामगारांना भाड्याने. कर्जासाठी बँकेला सातबारा एकाच्या नावावर हवा. "माझ्या हाताला दुसरं काय येतं ताई. तुला तं लिहिता येतं." हे टोमण्याने म्हणाला नाही.
विचारलं, "चिकू किती पाडले?"
"नऊ. बावीच्या बाजूचे ठेवलेत."
"का?"
"का म्हंजे. असंच."
मग एकदम वळला माझ्याकडे. चौदा महिन्यांनी, नाही, आता सोळा झाले, नीट तोंडाकडे बघून :
"तुला द्यायची नसंल तं सांग. आत्ता सांग. मी रागावनार नाय. देशील का?"
विचारलं त्याने.
आणि मी बघत राहिले त्याच्याकडे, कानावर पांढरे झालेले केस, आणि आतून उत्तर आलं ते नाही असं आलं. नको द्यायला. इतके महिने मला वाटत होतं की मला फक्त विचारलेलं हवंय. तसं नव्हतं. मला वाडी हवी आहे. खोल्या नकोत, भाडं नको, माती हवी, माझ्या नावाची, कोपऱ्यातली का असेना. एवढी वर्षं मी स्वतःला मोठ्या मनाची समजत होते.
बोलले नाही यातलं काही. तो म्हणाला, "विचार कर. झेरॉक्स काढून येतो." गेला.
पुढचे नऊही नंबर झाले. शेजारी एक बाई, नवी कोरी साडी, टॅग अजून पदराला. तिचा भाऊ तिला वडापाव भरवतोय, कारण तिच्या अंगठ्याला शाई आहे. हसताहेत दोघं.
नि. रस्त्यापलीकडे दिसतोय, कागद हातात, हेल्मेट कोपरात अडकवलेलं. ट्रक येतोय. हा बघतच नाही नेहमीसारखा. ओरडले, "नितीन, थांब." सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.
थांबला. हात वर केला.
आमचा नंबर पुकारताहेत. माझं नाव बाबांच्या नावासकट, लग्नाआधीचं. ट्रक अजून गेलेला नाही, लांबच लांब आहे. खिडकीतला माणूस दुसऱ्यांदा विचारतोय, आलेत का, आलेत का.