बाकड्याविरुद्ध अर्ज

३ मार्च
वाचनालयातून ‘मुद्दा कसा पटवावा’ आणलं. शाळा अर्ध्यावर सुटली म्हणून काय झालं, वाद घालायला शिकायचं वय अजून गेलेलं नाही. पुस्तक सांगतं : आधी मुद्दा, मग दाखला, आणि समोरचा काय म्हणेल ते आपणच आधी खोडायचं. सरावाला विषय हवा. आमच्या दाराबाहेरचं बाकडं घेतलं. चौथ्या मजल्यावरचा शिंपी गुडघे दुखतात म्हणून वर जाताना तिथे टेकतो अन् खोकत बसतो. तो माझा जुना दोस्त. त्याच्यावर राग नाही. निव्वळ सराव.

५ मार्च
अर्ज झकास झाला. शेवटचं वाक्य दाढी करताना मोठ्याने म्हणून पाहिलं : ‘विरोधक दयेची भाषा करतील, दया हा युक्तिवाद नव्हे.’ सही केली नाही. मुद्दा स्वतःच्या बळावर उभा राहावा. सोसायटीच्या पेटीत टाकला, फक्त बघायला.

११ मार्च
बाकडं गेलं! दोघांनी उचलून भंगारात नेलं. पहिल्याच अर्जाला यश. हिने विचारलं, भावजींनी आता टेकायचं कुठे? म्हटलं, कमिटीचा निर्णय, मी कोण?
जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१५ मार्च
शिंपी त्या दिवसापासून खाली उतरलेला नाही. माझा कोट त्याच्याकडे होता. आज त्याने सुनेच्या हाती पाठवला. कॉलर उलटून नवी केलीय, वर इस्त्री. शिलाई नको म्हणाला म्हणे.
कोट घातला नाही. उकडतं.

१६ मार्च
ठराव : उलटा अर्ज लिहायचा, सहीनिशी. खरा वादपटू दोन्ही बाजू मांडतो. म्हणजे मी चुकलो नाही, अर्धंच काम केलं होतं.

१८ मार्च
वर गेलो. शिंप्याने खुर्ची पुढे केली, स्वतः पलंगावर बसला. म्हणाला, तूच लिही बाबा माझ्या बाजूने. ज्याने तो अर्ज लिहिला तो मेला पक्का हुशार आहे, सेक्रेटरीने वाचून दाखवला तेव्हा मलासुद्धा पटला.
कुठला मुद्दा पटला, असं मी विचारलं. दयेचा, म्हणाला. विचारायला नको होतं.

२२ मार्च
सेक्रेटरीने उलटा अर्ज वाचला. म्हणाला, काका, भावना पोचल्या, पण त्या अर्जात याचं उत्तर आधीच दिलंय. आणि वाचून दाखवलं : दया हा युक्तिवाद नव्हे. तो अर्ज माझाच, असं सांगणार होतो. पाणी पिऊन घरी आलो. सांगितलं असतं तर मुद्द्याचं वजन गेलं असतं. बहुतेक.

२४ मार्च
हिने कुणाला न विचारता स्वयंपाकघरातलं स्टूल दाराबाहेर ठेवलं अन् वर हाक मारली. शिंपी उतरला. परत जाताना टेकला. वहिनी, जीव आला, म्हणाला. मी दारामागे उभा होतो. खोकला ऐकून बरं वाटलं.

२५ मार्च
सेक्रेटरीने जिन्यात नोटीस लावली : स्टूलही चालणार नाही. खाली कारण म्हणून माझं ते वाक्य, ठळक अक्षरात. हिने वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, दाढी करताना हेच म्हणत होतात ना?
दाखला नव्हता. मुद्दाही नव्हता.
ती म्हणाली, आता वर जाऊन भावजींना सांगा. आणि नोटीस फाडून आत आली.

संध्याकाळी
सांगितलं. शिंपी म्हणाला, स्टूल डुगडुगतंय, आधी ते बघ.
एका पायाखाली पुस्तक सरकवलं. आता डुगडुगत नाही. वाचनालयाची मुदत कालच संपली.