तिसऱ्या फळीवरचं मशीन

६ ऑक्टोबर, सोमवार. नांदेड
साहेबांचा पुण्याहून फोन. लातूरच्या खोलीतली तिन्ही जुनी मशीनं दिवाळीआधी बंद करायची. आपल्या सगळ्या रक्ततपासणी लॅबचे रिपोर्ट हैदराबादच्या भाड्याच्या मशीनांवर न्यायचे. एकही रिपोर्ट हरवायचा नाही, एकही लॅब थांबवायची नाही. "तू आरामात करशील." करीन की. घरात दुसरं आहेच काय.

अप्पांना अजून सांगितलं नाही. लातूरची खोली ते सांभाळतात. रोज दहाला फोन: "शरणार्थ ताई. तिन्ही लेकरं बरी हायत." इतकी वर्षं झाली, एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. दिवसातला माझा पहिला शब्द त्यांच्याशी, पुष्कळदा शेवटचाही.

७ ऑक्टो., मंगळ
सांगितलं. अप्पा म्हणाले, "मला काय, खोलीचे मालक त्यांच्या गोदामात घेतो म्हणलेत. तुमचं काय?"
माझं काय! नोकरी आहे, पगार आहे. खोली बंद झाल्यावर फोन कशासाठी करायचा, हे तोंडाशी आलं होतं. गिळलं.

मग त्यांचं नेहमीचं येळवसचं, म्हणजे वेळ अमावास्येचं आमंत्रण. जळकोटला शेतात जेवण, भज्जी, आंबील, नातवंडांचा गोंधळ. दरवर्षी बोलावतात. दरवर्षी माझं एकच उत्तर: कुणीतरी मशीनांवर लक्ष ठेवायला नको का अप्पा?

हदगावहून दादाचा मेसेज. यंदा दिवाळीला ते सासुरवाडीला. ठीक.

९ ऑक्टो., गुरु
हैदराबादचं पहिलं नवं मशीन जोडलं. आधी ते नुसतं ऐकतं. जुन्यांकडचं सगळं उतरवून घेतं, बरोबरीला येतं, मग त्याला मत. नव्या सुनेसारखं, आधी डबे कुठं ते बघ. (आमच्याकडं सुनेला मत कधी मिळतं ते विचारू नये.)
तोवर कारभार जुन्या तिघांचाच. तिघांतल्या दोघांनी हो म्हटलं तरच नवा रिपोर्ट पक्का होतो.
उतरवायला वेळ लागून राहिलाय. बसून आकडा सरकताना बघितला. वरण करपलं.

१२ ऑक्टो., रवि
बोंबललं सगळं.
तीन नंबरच्या मशीनचा पंखा मंदावल्याचं इथं पडद्यावर दिसलं. ते मी इथून थांबवलं आणि अप्पांना म्हटलं, आता तीनची वायर काढा, पंखा बदला. त्यांनी काढली. लगेच उदगीरच्या लॅबचा फोन: "मॅडम, रिपोर्ट चढंना! डेंग्यूचा पेशंट हाय, डॉक्टर प्लेटलेट विचारायलेत!" मग बाकीच्या लॅबही ओरडायला लागल्या.
बघते तर दोन नंबर गेलेलं. तीन मी थांबवलेलं, म्हणजे एकच उरलं.
"अप्पा, कोणती काढली?"
"तिसऱ्या फळीवरची, तुम्ही म्हणलाव तीच."
"परत लावा! आत्ता!" आणखीही बरंच बोलले. नको ते बोलले.
दोन नंबर उठलं, मागचं भरून घेतलं, दोघांचं जुळलं. उदगीरचा रिपोर्ट चढला. काही हरवलं नाही.
नंतर उलगडलं. दसऱ्याला लॅब बंद होत्या तेव्हा अप्पांनी खोली धुऊन काढली, मशीनं उतरवून पुसली, झेंडू वाहिला आणि हाताला येतील तशी परत मांडली. नंबर लिहिलेले होते ते फळीवर. हसावं का डोकं फोडून घ्यावं!

१३ ऑक्टो., सोम
दहाला फोन नाही. साडेदहालाही नाही.
काल ते एकटं उरलेलं मशीन आठवून राहिलं. चांगलं चालू होतं. सगळं होतं त्याच्यापाशी. पण नवं काही घेईना. बाकीचे गेले का आपणच त्यांच्यापासून तुटलो, हे त्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून गप्प बसतं. नव्या पोरांना मी हे हसतहसत शिकवते. आज हसू आलं नाही. भाजी आणायला खाली गेले, दुकानात कुणाशी बोलायची वेळ आली नाही, बोट दाखवलं की झालं.
शेवटी मीच लावला फोन. "हाव ताई. हायत तिन्ही." एवढंच.
म्हटलं, अप्पा, काल लई बोलले मी.
"मग? घरच्या माणसानंच बोलायचं असतंय. मी मशीनीवर नंबर रंगवायलोय, आइलपेंटनं. हात भरलेत, म्हणून फोन न्हाई केला."
ठेवल्यावर रडले. किती दिवसांनी.

१६ ऑक्टो., गुरु
तिन्ही नवी बरोबरीला आली. जुनी एकेक करून बाहेर. एक काढायचं, बाकीच्यांचं जुळतंय ना बघायचं, मग पुढचं. अप्पा दर वेळी नंबर दोनदा वाचून दाखवतात, तेही पाढे म्हटल्यासारखं. मी हळू चाललेय. इतकं हळू चालायची गरज नाही, हे मला माहीत आहे.

१८ ऑक्टो., शनि
झालं. सगळे रिपोर्ट हैदराबादला, मोजून ताळा घेतला. लातूरचं तीन नंबर तेवढं चालू, तेही रिकामं. त्याला कुणी काही विचारत नाही.
साहेब: "बंद केलं का?" लिहिलं, एक दिवस खात्री करते. कसली खात्री, डोंबलाची.

१९ ऑक्टो., रवि
अप्पांचा फोन, बरोबर दहाला. "बटनावर बोट ठेवलंय. तुम्ही म्हणा."
मला म्हणवेना. पलीकडून नव्या पंख्याचा आवाज येत होता.
"ताई, हाव का?"
"हां."
"आता मशीनचं निमित्त राहिलं न्हाई बगा. येळवसला येताव का?"
घर भरलेलं असणार. मी जाऊन बसायचं कुठं, बोलायचं काय. कोणाची कोण म्हणून जायचं?
तेच म्हणाले, "का तुमच्यासाठी हे असंच चालू ठेवू?"
आवाजात हसू होतं, पण चेष्टा नव्हती. बघते म्हटलं, आणि दरवर्षीचं आपलंच टाळणं आपल्याला ओळखू आलं. उद्या दहाला सांगते म्हणून फोन ठेवला.
साहेबांचे दोन मेसेज आलेत. तीन नंबर अजून चालू आहे.