तिसरी पिन

सिंदी (रेल्वे)
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षा हिला दादाचा आशीर्वाद.

इकडे सगळं बरं हाय. तुह्या वहिनीचे गुडघे दुखतात, पण नलू कोणाचं ऐकते का? हरभरा सोंगाले शेतात गेली आन आता दोन दिवसांपासून गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली हाय. ऊन तापाले लागलं, तं दुकानात कुलरची रांग लागली. कोणाचा पंप जाम, कोणाचा पंखा आवाज करते. सगळ्यायले उद्याच पाहजे.

काल रुचिकाचा फोन आलता. म्हणे, "मामा, आईनं परत मिक्सर लावू देल्ला नाही. पाट्यावर चटणी वाटली. पंख्याचं बटनही मलेच दाबा लागते." हसून राह्यली होती पोट्टी. मी बी हसलो. फोन ठेवला आन दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राह्यलो.

याच्या आधी दोन कागद फाडले. शाळेतल्या भाषेत लिहाले गेलो तं सगळं खोटं वाटाले लागलं. म्हणून बोलतो तसंच लिहितो. फोनही तीनदा लावला, तुनं "बोल दादा" म्हणलं का माहं तोंड बंद. मंग मी कुलरचंच बोलत बसतो.

सगळं बरं हाय हे खोटं हाय, हर्षा. मशीन सापडली. तुही कपडे धुवाची मशीन.

त्या मशीनचा शॉक लागून हेमराजभाऊ गेले, त्याले अकरा वर्षं होतील श्रावणात. तीन वर्षांची पोर कडेवर देऊन नाचणगाववाल्यायनं तुले घराबाहेर काढलं. नवऱ्याले खाणारी म्हणलं. त्यायचं बोलणं एकवेळ सोडून दे, पण तू स्वतःच मानून बसली ना. वर्ध्यात मेसवर पन्नास पोरींच्या पोळ्या लाटते, पण बटनाले हात लावत नाही. "दादा, मीच म्हणलं ना त्यायले, अहो, जरा मशीन बंद करा म्हणून." किती वेळा म्हणलं असशीन हे माह्यासमोर! दरवेळी मी तुह्या डोक्यावर हात ठेवला आन म्हणलं, नशीब व्हय बाई, नशीब.

दोष कोणाचा, ते त्या मशीनवर पाहून कळण्यासारखं होतं. हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुह्या सासूनं मशीन मागच्या खोलीत कुलपात घातली, कोणाले हात लावू देल्ला नाही. मले तं बरंच झालं. तरी बी दर साली मी तुह्या दिराले, प्रफुलले, इचारत होतो, "हाय का रे ते मशीन?" तो म्हणे, "हाय." बस. पुढं इचारत नव्हतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

गुरुवारी सकाळी प्रफुलचाच फोन आला. "भाऊ, मागची खोली पाडून राह्यलो. ते मशीन पुलगावच्या भंगारवाल्याकडे देल्ली. तुमी नेहमी इचारत होते, म्हणून सांगतलं. आज-उद्यात तोडतीन."

गिऱ्हाईकाचा कुलर उघडा टाकून मी गाडी काढली. सेलू, वर्धा, कुठी थांबलो नाही. तुह्या गल्लीच्या तोंडावरून गेलो. तू पोळ्या लाटत असशीन तेव्हा. मान वळवून पाह्यलंही नाही.

भंगाराचं ते आवार एका मंदाबाई नावाच्या बाईचं हाय. डोक्याले फडकं बांधलेलं, तोंडात सुपारी. मले पाहून म्हणते, "काय पाहजे भाऊ? मोटर का डरम?"

मी म्हणलं, "मशीन पाहजे. आख्खी. नाचणगाववरून आलेली."

"सात मशिनी हायेत वरून झाकणवाल्या. कोणती कुठून आली, मी काय त्यायची कुंडली लिहून ठेवतो का? घ्या वळखून!"

वळखाव कशी? कंपनीचं स्टिकर एकीवरही नाही. मागची नंबराची पट्टी गंजून पापडी झालेली. तुही बदामी रंगाची होती, पण गंज चढल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात वं. आन मशिनी दुरुस्त करणारा मी, भूपेंद्र इलेक्ट्रिकलवाला, तिथं येड्यासारखा उभा.

मंग बाबा आठवले.

तुह्या लग्नाची भांडी घेतली तेव्हा नाव घालणाऱ्याले बाबानं घरीच बोलावलं होतं. पराती, गंज, डबे, सगळ्यायवर टरटर नावं घालणं चालू होतं. शेवटी बाबा म्हणाले, "मशीन राह्यली." तो म्हणे, "काका, मशीनवर नाव कोणी घालते का?" बाबा अडून बसले. "काऊन नाही? कपड्याचं भांडंच तं हाय ते. पत्र्यावर नको, गंज चढन. आत स्टीलवर घाल." तो बिचारा कमरेपर्यंत आत वाकला, पाय वर. तू हसून हसून खाली बसली होती. अक्षरं सगळी तिरपी पडली. आपल्या बाबाचा, तानबा पाटलाचा हट्ट, कोण काय बोलन!

म्हणून मी एकेका डरमात मोबाइलचा उजेड पाडून डोकं घातलं. पहिलीत काही नाही. दुसरीत काही नाही. तिसरीत उंदराचं घरटं. मंदाबाई मागून म्हणते, "भाऊ, मशीन घ्याले आले का मयताचं तोंड पाह्यले?" मी चौथीत वाकलो. रिकामीच.

पाचवीत साबणाचा थर चढलेला होता. नखानं खरवडला. टिंब टिंब लागले बोटाले. 'र्षा' दिसला. मंग रुमाल ओला करून सगळं पुसलं. 'चि. सौ. कां. हर्षा हिला बाबांकडून. २-५-२०१०.' तिरपं. बाबा जाऊन बारा वर्षं झाली, पण मले वाटलं का ते मागं उभे राहून मले इचारून राह्यले, "पाह्यलं ना आता?"

जे पाह्याचं होतं ते मागं होतं. मी मशीन फिरवली, तं वायरच नाही! प्लगही नाही. बुडातून कापून घेतलेली.

खोटं लिहीत नाही, हर्षा. मले आनंद झाला. वाटलं, सुटलो. आता कोणालेच कधी कळणार नाही, मलेही नाही. मशीन इथंच सोडून निघून जावं, असंच आलं मनात.

आन मंदाबाई, देव तिचं भलं करो, म्हणते, "वायर पाहजे होती का? तांब्यासाठी काल संध्याकाळीच कापल्या सगळ्यायच्या. तो ढीग पाहा, जाळाचा बाकी हाय."

मी त्या ढिगापाशी बसलो. एकेक वायर ओढून पाह्यली. आन माहा प्लग मले वळखू आला.

आता लिहितो. हात थांबाच्या आत लिहून टाकतो.

लग्नानंतर मशीन नाचणगावले मीच घेऊन गेलतो. तू आत चहा ठेवून राह्यली होती. मोरीपाशी जे बोर्ड होतं त्याले दोनच छिद्रं. मशीनच्या प्लगले तीन पिना. वरची जाड पिन असते ना, ते अर्थिंगची. घरात अर्थिंगच नव्हतं. खरं काम काय होतं? म्हणाचं होतं, "थांबा, पहिले अंगणात खड्डा करू, मीठ-कोळसा भरू, तार जमिनीत नेऊ, बोर्ड बदलू, मंगच मशीन चालू." एका दिवसाचं काम. पण सगळे जमा झाले होते. तुही सासू खुर्ची टाकून बसली होती, शेजारच्या बाया आलत्या, सुनेची मशीन पाह्यले. मले बी मिरवाचं होतं. मी करवत काढली आन तिसरी पिन कापून टाकली. दोन पिना बसल्या बोर्डात. मशीन फिरली. बायायनं टाळ्या वाजवल्या.

हेमराजभाऊनं इचारलं होतं, "भाऊ, हे असं चालते का?"

मी म्हणलं, "सगळ्याइकडे असंच चालते. तात्पुरतं हाय. पुढच्या इतवारी येऊन अर्थिंग करून देतो."

मिठाचं पोतं आन कोळसा त्याच आठवड्यात घेतला होता, हे खरं हाय. पुढच्या इतवारी एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या पुढच्या इतवारी दुसरं. बाबाच्या तेरवीले हेमराजभाऊनं एकदा हळूच आठवण देल्ली होती, "भाऊ, तो खड्डा?" मी म्हणलं, "येतो ना या इतवारी." चार वर्षांत किती इतवार आले असतीन वं?

मी पिन कापली का तिचा बुडखा कानसीनं घासून गोल करतो. कोणाच्या हाताले लागू नये म्हणून. माही सवय हाय ते, माह्या उस्तादानं लावलेली. दुसरं कोणी एवढं करत नाही. ढिगातल्या त्या प्लगची तिसरी पिन कापलेली होती, आन बुडखा गोल होता.

मंदाबाईनं पाणी देल्लं.

मशीन मालवाहू ऑटोत घालून दुकानात पाठवली. शुक्रवारी आडवी करून पाह्यली. आत मोटरची वायर उंदरानं कुरतडलेली, उघडी तार पत्र्याले टेकलेली. सगळ्या मशीनच्या अंगात करंट उतरला होता त्या दिवशी. तिसरी पिन असती आन जमिनीत खड्डा असता, तं तो करंट जमिनीत गेला असता, फ्यूज उडाला असता, आन हेमराजभाऊनं मले फोन करून शिव्या देल्ल्या असत्या. एवढंच झालं असतं.

तुनं बरोबर म्हणलं होतं, मशीन बंद करा. तू नसती म्हणली, तं कपडे काढाले तूच हात लावला असता, आन रुचिका तुह्या पायाशी खेळत होती. त्यायनंही बरोबर केलं. चूक फक्त एकाची होती, आन तो तेरवीच्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं रडत होता.

मंग मी तुह्यासाठी किती केलं ते सगळ्या गावाले माहीत. खोली पाहून देल्ली, रुचिकाच्या शाळेचं पाह्यलं, दर पंधरा दिवसाले सामान. तुह्या भाड्याच्या खोलीत मी अंगण खोदून अर्थिंग केलं, तं तू हसली होती, "दादा, भाड्याच्या घरी कायले एवढं?" करून करून भागला आन देवपूजेले लागला! तू मेसवरच्या बायायले सांगते का माहा दादा नसता तं मी जहर घेतलं असतं. दरसाली राखीसंग चिठ्ठी पाठवते, 'माह्या पाठीराख्याले.' ते चिठ्ठ्या मी वाचत नाही वं. दुकानात मिठाचं ते पोतं अजून हाय, दगड झालं त्याचं. त्याच्यामागं ठेवून देतो.

आणखी एक सांगाचं हाय. गुरुवारी पुलगाववरून मी सरळ नाचणगावले गेलो. प्लग हातात होता. तुह्या सासूले आता दिसत नाही. कौशल्याबाई खाटेवर बसून होत्या. मी सगळं सांगतलं, उभ्यानंच. त्यायनं प्लग हातात घेतला, बुडख्यावरून अंगठा फिरवला. लय वेळ फिरवत राह्यल्या. मले वाटलं मारतीन. मारलं असतं तं बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं माह्या नातीचं तोंड पाह्यलं नाही मी. आता डोळेच गेले." मंग म्हणाल्या, "हर्षाले सांगतलं?"

मी म्हणलं, "नाही."

"मंग माह्याकडे काऊन आला पहिले? मी काय तुले माफ कराले बसली हाय? जाय. तिच्याकडे जाय."

आन हर्षा, तिथून येताना मी परत तुह्या गल्लीच्या तोंडावरून गेलो. परत थांबलो नाही. पन्नाशीले आलेला माणूस, एवढाही दम नाही अंगात. म्हणून हे पत्र.

नलूले काल सांगतलं. तिनं मले जेवण वाढलं नाही, पण पत्र स्वतः घेऊन जातो म्हणाली. तू एकटीनं वाचू नये म्हणते. प्लग डब्यात ठेवला हाय, तो तुह्याजवळ ठेवजो. नाचणगावात जो कोणी तुले बोलला त्याले दाखवजो, पोलिसात नेजो, कुठंही नेजो. मी नाही म्हणणार नाही. मशीन दुकानात हाय तशीच ठेवली. बाबाच्या हट्टाची अक्षरं पुसून साफ केली, रुचिकाले पाह्याची असतीन तं येऊ दे. नाही आली तरी चालन.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागाले तोंड नाही मले. राखीचं तू ठरवजो.

फक्त एक कर. पत्र वाचून झालं का उठजो, आन पंख्याचं बटन तुह्या हातानं दाबजो. तुह्या घरच्या जमिनीत खड्डा हाय, मीठ हाय, कोळसा हाय, तिसरी पिन जागेवर हाय. मी दहा वेळा तपासली. तुह्या हाताले काही झालं नव्हतं कधी, हर्षा. तो हात चांगला हाय.

वर दादाचा आशीर्वाद लिहिला होता. तो सवयीनं लिहिला. खोडला असता, पण कागद खराब झाला असता.

ज्यानं पिन कापली तो,
भूपेंद्र