जाळीमागची जागा

४ फेब्रुवारी, मंगळवार

कीरन चाललाय! मार्चपासून लीड्सच्या कुठल्याशा कॉलेजात. डेनिसने ऑफिसात बोलावून सांगितलं आणि रेडिएटरवर वाळत घातलेले मोजे उचलता उचलता विचारलं — त्याच्या जागी तू हेड कोच होशील का?

मी. सिक्स्थ फॉर्म, म्हणजे इथली अकरावी-बारावी, अर्ध्यात सोडलेली. सिक्स्थ फॉर्म कॉलेजच्या फुटबॉल टीमची हेड कोच! हसूच आलं. डेनिस सगळ्या स्पोर्टची प्रमुख आहे, तिला हसणं म्हणजे हो वाटलं असणार, कारण तिने लगेच बिस्किटांचा डबा पुढे केला. बर्बन संपलेली. साधी उरली होती, तीही तुकड्यांत.

मग माझं कौतुक. माझ्या हाताखालचे दोन गोलकीपर मोठ्या क्लबांनी नेले, दुसऱ्या कॉलेजांचे कोच मॅच संपली की मला शोधत येतात, वगैरे. असं कोणी बोलायला लागलं की मला खिडकीबाहेर बघावंसं वाटतं. बाहेर एक कबूतर ट्रेनिंगच्या कोनवर बसायची खटपट करत होतं. टोकावर! घसरायचं, उडायचं, परत यायचं. मी त्यात इतकी गुंतले की डेनिसचं मुख्य वाक्य निसटलं. परत म्हणायला लावलं.

मुख्य वाक्य हे — मी वर गेले तर माझी गोलकीपिंग कोचची जागा भरणार नाहीत. बजेट नाही. "कीपर्सना तू बघशीलच की मधूनमधून."

मधूनमधून!

महिनाअखेरपर्यंत सांगायचंय. तोवर कीरन उरलेली सुट्टी संपवणार आणि मॅचेस मी सांभाळायच्या. म्हणजे परीक्षाच. आणि परीक्षांचा माझा इतिहास काय सांगावा.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या कीपरला, कुशला, सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाकी सगळी टीम मैदानाच्या मधोमध सराव करते. आम्ही कीपर लोक पार पलीकडच्या कोपऱ्यात, कुंपणाशी. कुंपणामागून ट्राम जाते. ट्राममधली माणसं आमच्याकडे बघतात तेव्हा त्यांना काय दिसत असेल? एक बाई चेंडू मारतेय आणि एक लंबू पोरगा चिखलात पडतोय. उठतोय. पुन्हा पडतोय.

हा कोपरा मला का आवडतो ते आज शोधायचं ठरवलं होतं, पण कुशचा डावा पाय सेट होत नाही त्यातच तास गेला. चेंडू सुटायच्या आधी दोन्ही पाय जमिनीवर हवेत. तो अर्धं पाऊल हवेत असतो.

शेवटी बादली. कीपरचे ग्लोव्ह्ज हातात घातलेलेच धुतात, कोमट पाण्यात, हात एकमेकांवर चोळत, देवापुढे उभं राहिल्यासारखे. कॅन्टीनमधून पाणी मीच आणते. आज कुश म्हणाला, पाणी थंड आहे, चॅझ. इथे मी चॅझ. चैत्राली म्हणायला कोणाला वेळ आहे! मराठीत बोलला तर मात्र ताई म्हणतो. त्याचे आईबाबा नागपूरचे, तो जन्मला इथे स्टॉकपोर्टला. मराठी मोडकंतोडकं, पण आम्हाला ते फार कामाचं. मॅचमध्ये मी आमच्या गोलच्या जाळीमागे उभी असते आणि बोलत असते — थांब. जा. डावीकडे. समोरच्या टीमला घंटा कळत नाही.

कीरनलाही कळत नव्हतं. पण तो म्हणायचा, चालू ठेव.

८ फेब्रुवारी, शनिवार

आईला फोन केला. ती लंडनला, क्रॉयडनमध्ये, हॉस्पिटलच्या वॉर्डवरून नुकती आलेली. ऐकलं न ऐकलं तोच म्हणाली, घे गं, घेऊन टाक. विचार काय करायचाय? मी म्हटलं, कीपर्सचं काय? आई म्हणाली, त्यांना आया आहेत.

तिचंही बरोबर आहे. मी बारा वर्षांची असताना ती मला घेऊन या देशात आली ती नर्स म्हणून, आज सिस्टर आहे, तीही पायरीपायरीने वर. मी मात्र आडवी चालते. हॅरोला मिठाईच्या दुकानात, मग वेल्सला फेरीबोटीवरच्या किचनमध्ये, कॉर्नवॉलला डॅफोडिल तोडायला. मँचेस्टरला दोन दिवसांसाठी आले आणि फाइव्ह-अ-साइडला, म्हणजे पाच-पाच जणांच्या फुटबॉलला, कोणाचा तरी कीपर आला नाही म्हणून गोलमध्ये उभी राहिले. कीरनने तिथे बघितलं. इतकंच. इथे मी सर्वांत जास्त टिकलेय, पण विचारलं तर कारण सांगता येणार नाही.

मग कोल्हापूरला ज्ञानेश्वरमामाला व्हॉइस नोट टाकली. आमच्याकडे पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ असतात, मामा आमच्या पेठेचा गोलकीपर होता. गुडघा गेल्यावर जाळीमागे जाऊन उभा राहिला तो अजून तिथेच. नव्या कीपरला पूर्ण मॅच मागून सांगत असतो. मी लहानपणी त्याच्या शेजारी उभी असायचे. जाळीमागे उभं राहणं मी कुठे शिकले ते उघडच आहे.

मामाचं उत्तर आलं — "बेंचला वर छप्पर हाय का गं? मग घे की." थोडं थांबून दुसरी नोट — "पण तिथनं गोल दिसतोय का ते आधी बघ."

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिली मॅच, हेड कोच म्हणून. घरच्या मैदानावर, पण जाळीमागे नाही, कडेच्या बेंचपाशी. हातांचं काय करायचं कळेना. खिशात घातले तर थंडी वाजल्यासारखं दिसतं, घडी घातली तर रागावल्यासारखं.

हाफ-टाइमला पंधरा-सोळा पोरं माझ्याकडे तोंड करून बसली. मी चार वाक्यं बोलले, त्यातली दोन कुशला उद्देशून. समर — आमचा कॅप्टन, मिडफिल्डला खेळतो — सभ्यपणे म्हणाला, आणि आम्ही, कोच?

जिंकलो. ३–०. नंतर डेनिस आली. म्हणाली, समरचा गोल काय सुंदर होता ना! मी म्हटलं, फारच सुंदर! समर बाजूलाच उभा होता. म्हणाला, तो ओशीनने मारला.

खरं सांगायचं तर आमचा एकही गोल मी बघितला नाही. चेंडू पलीकडे गेला की सगळं जग चेंडूकडे बघतं. मी आमच्या कीपरकडे बघते. एकटा असताना तो कुठे उभा राहतो, पाय हलते ठेवतो का. इतक्या वर्षांत मान तशीच वळायला लागलीय. आज कुशला काही काम नव्हतं आणि मी नव्वद मिनिटं काही काम नसलेला कुश बघितला!

तोही अधूनमधून माझ्याकडे बघत होता. लांबून नीट दिसलं नाही. हात हलवला. त्याने नाही हलवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हेड कोचला सराव मधोमध घ्यावा लागतो. कुश कोपऱ्यात कुंपणावर चेंडू मारत होता. बादली न्यायला विसरले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हाफ-टर्मची सुट्टी. आईने हॅरोला नेलं, मंडळाचा शिवजयंतीचा कार्यक्रम. स्टेजवर छोटी पोरं फेटे सांभाळत उभी. एकाचा फेटा डोळ्यांवर आला तरी तो बोलत राहिला, मला तोच आवडला.

जेवणाच्या रांगेत मधुमतीकाकू भेटल्या. "काय करतेस हल्ली?" मी म्हटलं, फुटबॉल. गोलकीपिंग शिकवते. "म्हणजे पीई टीचर का?" मी नाही म्हणायच्या आत आई म्हणाली, कॉलेजची हेड कोच झालीये ती. काकूंचा चेहरा बदलला. त्यांनी मला स्वतःच्या हाताने आणखी एक पुरी वाढली.

मी खोडून काढलं नाही. पुरी खाल्ली.

ट्रेनने परतलो. वेम्बली पार्क स्टेशन गेल्यावर आई म्हणाली, "मला तरी दुसरं काय सांगता येतं गं? तू काय करतेस ते मला कळतच नाही."

मी समजवायला गेले — पाय सेट कसे करायचे, जाळीमागून काय दिसतं. ती ऐकत होती. मग झोपली. माझ्या खांद्यावर नाही, खिडकीवर.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सगळं लिहायचंय. नीट.

कपची क्वार्टर-फायनल, बाहेरच्या मैदानावर. वारा असा की कॉर्नर फ्लॅग आडवे. आम्ही १–० पुढे. शेवटची काही मिनिटं राहिलेली आणि त्यांना एकामागून एक कॉर्नर. कुश वाऱ्यात चेंडूचा अंदाज घेत होता, अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे.

माझे पाय निघाले. मी ठरवलं नव्हतं! टचलाइनवरून, मैदानाच्या कडेकडेने, सरळ चालत गेले, कॉर्नर फ्लॅग ओलांडला आणि जाळीमागे उभी राहिले, नेहमीच्या जागी. इथे कुंपणबिंपण काही नव्हतं. जाळीतून मैदान चौकटीचौकटीचं दिसायला लागलं आणि मला महिनाभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

त्याच वेळी समरच्या मांडीचा स्नायू धरला. त्याने बेंचकडे हात करून बदली मागितली. बेंचवर बदली खेळाडू तयार, झिप उघडून उभा. पण रेफरीला सांगणार कोण? ते काम कोचचं. कोच जाळीमागे. समर लंगडत, ज्याला अडवायचं त्या माणसापाशी जाऊन उभा राहिला.

हे मला नंतर कळलं. मी कुशच्या पाठीकडे बघत होते.

कॉर्नर आला. उंच, वाऱ्यावर. कुशचा उजवा पाय उचललेला दिसला. तो निघाला होता. मी म्हटलं, "थांब!"

तो थांबला. समरचा माणूस उडाला, समर उडूच शकला नाही. हेडर. गोल. चेंडू जाळीला लागला आणि जाळी माझ्या तोंडावर आली.

रेफरीने मला हाताने हाकललं, शाळेतल्या मुलीसारखं. मान खाली घालून बेंचकडे परतले. ओशीनने सरकून जागा करून दिली.

१–१ वर मॅच संपली, मग पेनल्टीज. तेव्हा गोलमागे कोणालाही उभं राहता येत नाही. मी इतकी लांब होते की कुशचे ग्लोव्ह्जसुद्धा वेगळे दिसत नव्हते. त्याने दोन अडवल्या! दोन्ही डावीकडे, दोन्ही वेळा पाय जमिनीवर. त्या डाव्या पायासाठी मी केवढा घसा फोडलाय. जिंकलो. पोरं धावत त्याच्याकडे गेली. समर लंगडतच गेला. मी पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या. कोणीतरी करायच्याच असतात.

परतताना मिनीबसमध्ये कुश मागून उठून माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ ग्लोव्ह्जची पट्टी उघडबंद करत होता. मी म्हटलं, त्या गोलबद्दल सॉरी. तो म्हणाला, इट्स फाइन. मग मराठीत बोलायला लागला, म्हणजे गंभीर काहीतरी.

"ताई, तू मागे असते ना, तेव्हा मी बॉल नाही बघतो. मी तुझी आवाज ऐकतो."

मी म्हटलं, आधी का नाही बोललास?

"तुला तिथे छान वाटतो. म्हणून."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजारी आहे असं कळवलं. नव्हते.

मामाच्या जाळीमागची एक गोष्ट आठवली. तो नवा कीपर मामाला सारखा पाणी आणायला पाठवायचा. मॅच रंगात आली की हमखास — "ज्ञानूदादा, जरा पाणी!" मामा धावत जायचा, एका पायाने. मला वाटायचं, याला तहान फार लागते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज उत्तर द्यायचं.

पूर्वी नावाची मैत्रीण ग्लासगोला राहते, फेरीबोटीवर माझ्याबरोबर होती. ये म्हणते, केव्हाही ये, सोफा आहे. बॅग भरून बघितली. अजूनही एका बॅगेत मावते मी! आधी याचा अभिमान वाटायचा. बॅग दारापाशी ठेवली आणि तिच्याकडे बघत टोस्ट खाल्ला.

कुश चुकीचं काही बोललेला नाही. कीपर तयार झाला याचा अर्थच तो की त्याला मागून कोणी लागत नाही. हे मी स्वतः कोचिंगच्या कोर्सला बोलले होते, लोकांनी लिहून घेतलं होतं. मग आता माझं काय दुखतंय?

जागा दुखतेय. इथे सगळे चॅझ म्हणतात, कोणी वाईट नाही, पण बुधवारी त्या जाळीमागे उभी राहिले की मी कोणाची तरी असायचे. तेवढाच वेळ. त्या पोराने तेवढं ओळखलं आणि वर्षभर सांभाळून घेतलं. सतरा वर्षांचा आहे.

ट्राम पकडायला निघाले. बॅग घेतली की नाही ते लिहीत नाही, कारण स्टॉपवर पोचेपर्यंत मलाच माहीत नव्हतं.

५ मार्च, बुधवार

हो म्हटलं. डेनिसला अट घातली, कोपऱ्यात दुसरं कोणीतरी आणा. बघते म्हणाली, म्हणजे नाही.

आज जिंकलो, २–०. दोन्ही गोल मी बघितले, कोणी मारले तेही सांगू शकते. मांडीला पट्टी बांधलेला समर बेंचवर माझ्या शेजारी होता. मॅच संपल्यावर म्हणाला, कुश सारखा मागे वळून जाळीकडे बघत होता, मग इकडे, तुझ्याकडे. दिसलं नाही का तुला?

नाही दिसलं. मी बॉलकडे बघत होते.