समईपासून दोन पावलं मागे

आई,

"वयनी, तुमी मातशें मागें रावात. समई सवाशीण पेटयतली." हे वाक्य तुला आठवत नसेल. असलं काही तू ठेवून घेत नव्हतीस. मी ठेवलं. बाबांचं आणि गावातल्या आणखी दोघा जवानांचं नाव कोरलेला दगड शाळेच्या पटांगणात बसवला, त्या दिवशीचं ते वाक्य. मी सात वर्षांची, तुझा पदर धरून उभी आहे. कुणीतरी तुझ्या हातात मेणबत्ती दिली आहे, तू समईकडे वाकतेस, आणि बाबांच्याच पलटणीतला, आपल्याच वाड्यावरचा तो पुढे येतो. अगदी हळू, अगदी आदराने तुला थोडं मागे राहायला सांगतो आणि तुझ्या हातातून मेणबत्ती काढून घेतो. समई मग सरपंचाच्या बायकोने पेटवली. तुझ्या अंगठ्यावर मेण सांडलं होतं, ते तू घर येईपर्यंत नखाने खरवडत होतीस. दगडावर नाव तुझ्या नवऱ्याचं, आणि त्याच्या दिव्याला तुझाच हात चालत नव्हता.

घरी आल्यावर तू रडशील, निदान त्याला दोन शिव्या देशील, असं मला वाटलं होतं. तू चूल पेटवलीस. दुसऱ्या दिवशी ओल्या काजूबियांची उसळ केलीस आणि डबा माझ्या हातात दिलास. "जा, काकांक दिवन ये. तांकां आवडटा." मी विचारलं, "कित्याक?" तू म्हणालीस, "बाबांची ट्रंक तांणी हाडली गो. इतल्या पयसुल्ल्यान, गाड्यो बदलीत. दुसऱ्या कोणाच्या हातांत दिली ना." बाबा गेल्यावर त्याने इतक्या दुरून आणलेल्या त्या एका ट्रंकेसाठी तू त्याला जन्मभर सगळं माफ केलंस. चवथीला तो यायचा, वहाणा काढायच्या आत तुझं चहाचं आधण चुलीवर चढलेलं असायचं.

दरवर्षी काजूच्या दिवसांत त्या दगडापाशी कार्यक्रम होतो, तसा यंदाही झाला. प्रमुख वक्ता तोच, आता ऐंशी ओलांडलेला सुभेदार. शाळेच्या बाईंनी मला सूत्रसंचालन करशील का म्हणून विचारलं आणि त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. पंधरा दिवस भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी एकच वाक्य घोळवत होते. त्यात राग यायला नको होता. त्याचा तो मऊ, आदराचा स्वरच हवा होता.

तो मेणबत्ती घेऊन समईकडे निघाला तेव्हा मी माइकवर म्हटलं, "समई आज आपल्या जवानांच्या बायका पेटवतील. काका, तुमी मातशें मागें रावात."

लोक हसले. त्यांना ती थट्टा वाटली. तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला, मग एक पाऊल मागे गेला, मग आणखी एक. मी मोजत होते. तू गेल्यावर उरलेल्या त्या दोघी पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. एक अंग चोरून म्हणाली, "नाका गे बाय, बरें दिसना तें." दुसरी उठलीच. "चूल पेटयतना बरें दिसता, आनी समईक कितें जालें? हाड हांगा!" तिने त्याच्या हातातून मेणबत्ती घेतली, हळूबिळू काही नाही, सरळ ओढून.

मग तो बोलला. चांगलं बोलला, खोटं कशाला सांगू. बाबा थंडीत आपले मोजे दुसऱ्याला द्यायचे, ते सांगितलं. ट्रंक मांडीवर घेऊन बसून केलेला प्रवास सांगितला. बायका डोळे पुसत होत्या. माझेही भरले. तेवढ्याने राग गेला नाही.

कार्यक्रम संपल्यावर हातात चहाचा कप घेऊन तो माझ्यापाशी आला. "तें उतर तूं अजून विसरूंक ना गो? तुझी आवय तर केन्नाच रागार जाली ना." म्हणजे ते वाक्य त्यालाही आठवत होतं.

"ना जाली, काका. म्हणून हांव जाल्यां."

कप तसाच टेबलावर ठेवून तो गेला. वाटेत कुणीतरी त्याला आधार द्यायला हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. मला बरं वाटलं, आई. चार दिवस झाले, अजून बरंच वाटतं आहे. वाईट वाटायची मी वाट पाहिली, ते आलं नाही.

आता एक सांगते, तुला कधीच सांगितलं नाही. तो उसळीचा डबा नेताना मी वाटेतल्या मोरीपाशी थांबले, झाकण उघडलं आणि आत थुंकले. त्याने दुसऱ्या दिवशी रिकामा डबा परत आणला आणि म्हणाला, असली उसळ कुठे खाल्ली नाही. तू केवढी खुलली होतीस.

हे पत्र कुठे टाकायचं, ते मला माहीत नाही. बाबांच्या ट्रंकेतच ठेवीन. तो आता फार दिवसांचा नाही, तिकडे तुझ्याकडेच येईल. आला की त्याला थोडा वेळ दाराबाहेर उभा ठेव. फार नको, दोन पावलं मागे, थोडाच वेळ. चहा लगेच ठेवू नकोस.

तू ऐकणार नाहीस. आधण आताच चढवलं असशील.