धोट्यांचे जुने पत्ते

इंदूर,
१२ सप्टेंबर २००४

प्रिय निशांतदादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे मजेत. बाबांचा गुडघा बरा आहे. आईने लालबागच्या मेळ्यातून तुझ्यासाठी चादर घेऊन ठेवली आहे. ई-मेलला तू अर्धं वाचूनच उत्तर देतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. पूर्ण वाच.

आधी बातमी. आपली नवी वेबसाइट सुरू झाली, आणि गूगलवर मागाचे लाकडी धोटे शोधले की अजूनही आपणच पहिले.

मिल बंद पडल्यावर बाबांनी धोट्यांचं काम काढलं, तेव्हा जुनी साइट तूच करून दिलीस. इथल्या मिल गेल्या, पण त्या साइटमुळे केनिया, फिनलंडहून गिऱ्हाइकं आपल्याला शोधत आली. त्रास एकच, प्रत्येक धोट्याचं पान वेगळं. लाकूड महागलं की एकेक पान उघडून भाव बदलत बसायचं. आता सगळी माहिती एका जागी आहे, कोणी मागितलं की त्यातून पान आपोआप तयार होतं.

पण मी जपलं ते पानांच्या जुन्या पत्त्यांना. होस्टिंगवाला अर्पित म्हणाला, “दीदी, पुराना सब उड़ा दो, नया डालो.”

मी म्हटलं, “आणि गूगलवरून जुन्या पत्त्यावर आलेला माणूस? त्याला पानच नाही दिसलं तर तो परत जाईल, अर्पितभिया. मग गूगलही आपल्याला विसरेल.”

मग जिथे जमलं तिथे पत्ता तसाच ठेवला. बाकी ठिकाणी सर्व्हरला लिहून दिलं, की हे पान कायमचं इकडे हललंय, येणाऱ्याला थेट इथे पाठव. तू लिहिलेली शीर्षकं, वर्णनं, कशालाच हात लावला नाही.

तरी गडबड झालीच. नवी साइट चढवली त्याच आठवड्यात आपलं नाव गूगलवरून गायब. पहिल्या पानावर नाही, पाचव्यावरही नाही. बाबा माझ्या मागे उभे होते. “मिलच्या गेटवर नोटीस लागली तेव्हा पण असंच वाटलं होतं,” एवढंच म्हणाले आणि वर्कशॉपमध्ये गेले. मला रडूच आलं, दादा.

एकेक फाइल तपासली तेव्हा सापडलं. साइट तयार होत होती तेव्हा मी सर्च इंजिनांना ‘आत येऊ नका’ असं सांगणारी एक फाइल ठेवली होती. तीच नव्या साइटबरोबर गेली. गूगल बिचारं सांगितलं तसं वागलं. फाइल काढली आणि वाट बघत बसलो. रोज सकाळी बाबा चहा घेऊन यायचे. “आलं का आपलं?”

परवा आलं. पहिलं. फिनलंडच्या विणकाम शाळेची बाई जुन्याच पत्त्यावरून नव्या पानावर पोचली आणि तिने ऑर्डरही दिली. बाबांनी शेजारच्या यमुनाकाकूंना बोलावून स्क्रीन दाखवली. त्यांना काही कळलं नाही, पण पोहे-जलेबी त्यांनीच आणली.

आता दुसरं. पुण्याच्या मुलाखतीचं तू फोनवर विचारलंस की मी आईकडे फोन देते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मुलाखत चांगली झाली. त्यांनी नोकरीही दिली. काल मी नाही म्हणून कळवलं. ओळख तुझी होती, म्हणून स्वतः फोन करून माफी मागितली.

बाबांची दया येऊन राहते आहे असं समजू नकोस. ते तर म्हणतात, “तू जा, अपन सांभाळून घेऊ.” पण त्या आठवड्यात मी जेवढी घाबरले तेवढी कधी घाबरले नव्हते, आणि परवाएवढी खूशही कधी झाले नव्हते. मिलमधले कितीतरी कारागीर अजून घरी बसलेत. त्यांचं सामानही मला या साइटवर आणायचंय.

मी नोकरीला नाही म्हटलं, हे बाबांना अजून माहीत नाही. माझ्यासाठी सूटकेस कुठली घ्यायची, हे ते आईला विचारत असतात. ते ऐकतील तर तुझंच. रविवारी फोन कर. आधी माझ्यावर हवं तेवढं रागावून घे. मग त्यांना सांग, की अमिता राहते आहे आणि मला ते मान्य आहे.

मान्य नसलं, तरी सांग.

तुझ्या फोनची वाट बघणारी,
अमिता