पाहुण्याचा पिवळा भात

२ मार्च, संध्याकाळ
आजपासून रोज लिहायचं. चिपळुणात मोबाईलचं दुकान झालं, दाभोळला बोटीवर चार दिवस झाले (समुद्र मला सूट होत नाही), आता वॉटर टेस्टिंग. या वाडीतल्या दोन बोअरिंगचं फ्लोराईड तपासायचं, पंपाला रंग मारायचा, निघायचं. मुक्काम दोन दिवस, फार तर तीन. पंधरा तारखेला गोव्यात हॉटेलची नोकरी पक्की. म्हणजे तिथला मित्र सुजय बोलून ठेवणार आहे. उतरलोय सोनूकाकीकडे. घरात ती आणि तिसरीतली नात शमिका.

३ मार्च
टेस्ट एकदम सोपी. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा. देवळाकडचं पाणी गुलाबी-लाल झालं, शाळेकडचं पिवळं. लाल म्हणजे धोका, हे सिग्नलला पण कळतं. किटमधला रंगांचा कागद इंग्रजीत. घडी करून याच वहीत ठेवला. कॉमन सेन्स असला की कागद लागत नाही.
देवळाकडचा पंप लाल रंगवला, शाळेकडचा निळा. पाणी समितीचे बाबूकाका आले. त्यांना समजावलं: फ्लोराईड थोडं असलं तर दातांना चांगलं, जास्त झालं की दातांवर डाग, पुढे हाडं धरतात. ते म्हणाले, वीस वर्षं देवळाकडचं पितोय, माझी हाडं कोणी धरली नाहीत. म्हटलं, धरतील. त्यांनी दोन्हीकडचं पाणी रत्नागिरीच्या लॅबला पाठवलं, रिपोर्ट येईपर्यंत तू थांब म्हणाले, आणि माझ्या बाईकची चावी स्वतःच्या खिशात टाकली.
तज्ज्ञाला कोणी सहज सोडत नाही.

४ मार्च
काकीला बजावलं, माझा चहा, जेवण, सगळं निळ्या पंपाच्या पाण्यात. ती काहीतरी सांगायला लागली. म्हटलं, काकी, तुम्हाला त्यातलं कळत नाही. बरं बाबा, म्हणाली, तुझी कळशी वेगळी ठेवते.
दुपारी भात पिवळा. हळद घातली असणार. पाहुण्याचा मान ठेवतात ही माणसं.

७ मार्च, सकाळी ९.४०
उठलो. निळ्या पंपावर बायका! कपडे धूत होत्या, पण सुरुवात कपड्यांपासूनच होते. लाल पंपावर चिटपाखरू नाही. वाडी माझं ऐकतेय.
शमिकाच्या पुढच्या दातांवर पांढऱ्या रेघा आहेत. घासत नाही नीट. तिला माझी कोळशाची पेस्ट दिली. माझ्याच पायावर थुंकली. शिस्त नाही.
पिवळा भात.

९ मार्च
चावी मागितली. बाबूकाका म्हणाले, रिपोर्ट आला? नाही. मग चावीपण नाही. लॉजिक आहे.
संकल्प: उद्या सकाळी सहाची एसटी. बाईक मागाहून नेऊ.

१० मार्च, ९.१५
एसटी गेली. शरीराचं ऐकावं माणसाने.

११ मार्च, ९.३०
एसटी गेली. काकी म्हणते तुझ्या अलार्मने अख्खी वाडी उठली, तू सोडून.

१२ मार्च
वायर जोडून बाईक सुरू करण्याचा व्हिडिओ लावला. त्याच्याखाली खेकडे पकडण्याचा होता. दुपार व्हाळात, म्हणजे इथल्या ओढ्यात, गेली. खेकडा एक, बोटं दोन सुजली. संध्याकाळी वायर जोडली. बाईक सुरू नाही, पण हॉर्न वाजायला लागला तो थांबेना. बाबूकाकांनी येऊन बॅटरीच काढून नेली.
चावी त्यांच्याकडे, बॅटरी त्यांच्याकडे. पण मी अडकलोय असं नाही. मनाने मी गोव्यातच आहे.

१४ मार्च
शिमग्याची पालखी घरी आली. गाऱ्हाणं घालताना गुरवाने माझं नाव घेतलं. ह्या लेकराला बुद्धी दे नि त्याच्या घरची वाट दाखव, म्हणाला. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. शमिका सगळ्यात मोठ्याने. भरून आलं. घरी केळशीत मला शेजारी ओळखत नाहीत, इथे देवापर्यंत नाव गेलं.

१५ मार्च
सुजयचा फोन. जागा भरली. बरं झालं, गोव्यात उकडतं फार.
पिवळा भात.

१७ मार्च, दुपारी
डास मारायला वही उचलली, कागद पडला. चौकोनांची रांग. पहिला गुलाबी, खाली लिहिलंय सेफ. शेवटचा पिवळा, अनसेफ. कागद उलटा धरला. तरी तेच.
म्हणजे चांगलं पाणी मी लाल केलं. आणि शाळेकडचं निळं. शाळेत शमिका. तिच्या दातांवरच्या रेघा.
अनवाणी धावलो. मधली सुट्टी. ती पायरीवर बाटली तोंडाला लावून बसलेली. हिसकावून सगळं पाणी ओतलं. तिने भोकाड पसरलं. आजीने दिलंय, म्हणाली, देवळाकडचं होतं ते! प्रत्येक पोराच्या हातात घरची बाटली.

तोच दिवस, चहानंतर (चहा घेतला नाही)
काकी म्हणाली, अरे मेल्या, शाळेकडच्या पाण्यात भात पिवळा होतो. ही लहान होती तेव्हा तेच पाजलं, दात बघतोस ना तिचे? दोन वर्षं झाली, कोण तोंडाला लावत नाही. देवळाकडचं आम्ही पहाटे पाचला भरून मोकळे. तू नऊला उठतोस, तुला नुसता रंग दिसतो.
विचारलं, मग मला का पाजलंत? म्हणाली, सांगत होते तर मला कळत नाही म्हणालास. वेगळी कळशी तूच मागितलीस.

१८ मार्च
रिपोर्ट आला. देवळाकडे ०.४, शाळेकडे ३.२. दीडच्या वर चालत नाही. मी म्हटलं, सुरुवातीच्या टप्प्यात रंगांची थोडी अदलाबदल होते. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. बाबूकाकांनी चावी दिली, बॅटरी दिली, ब्रश पण दिला. मी दोन्ही पंपांचे रंग उलटे करून दिले. जा आता, म्हणाले.
चावी खिशात आहे. बाईक सुरू होते. दोनदा फाट्यापर्यंत जाऊन आलो. कुठे वळायचं ते ठरेना.
काकीने विचारलं, तुझे तांदूळ घालू का?
घाला म्हटलं. देवळाकडच्या पाण्यात.